सुट्टीचा रकाना

नदीचं काय, ती आपली वाहते. पण ती किती वाहते हे कुणीतरी रोज लिहून ठेवावं लागतं आणि त्यासाठी सरकार पगार देऊन एक माणूस नेमतं, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. पुलावरून जाणाऱ्यांना खाली दगडी पायऱ्या दिसतात, पायऱ्यांवर रोवलेल्या पांढऱ्या पट्ट्या आणि त्यांवरचे काळे आकडे दिसतात. कधीमधी एक सडपातळ माणूस वाकून त्या आकड्यांकडे टक लावून बघताना दिसतो, जणू त्याची घराची किल्ली पाण्यात पडली आहे. तो पट्टीवाला. पगाराच्या कागदावर दुसरं काही नाव होतं, पण ते कागदावरच राहिलं. सगळे त्याला पट्टीवालेच म्हणायचे.

काम सोपं. पुराचे दिवस सोडले तर दिवसातून तीन वेळा, सकाळी आठ, दुपारी एक आणि संध्याकाळी सहाला, खाली उतरायचं, पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते मीटर-सेंटीमीटरमध्ये बघायचं आणि वर येऊन वहीत लिहायचं. पण सोप्याला सोपं राहू देईल ते कार्यालय कसलं! नियम असा होता की वाचायला दोघं हवीत. एकाने खालून आकडा ओरडायचा, दुसऱ्याने वरून तोच आकडा परत म्हणायचा, मगच तो वहीत चढवायचा. एकट्याने वाचला असेल, तर शेऱ्याच्या रकान्यात तसं लिहायचं: 'एकट्याने वाचन'. चूक झाली तर खोडरबर नाही, गिरवणं नाही. चुकीवर एकच आडवी रेघ, तीही अशी की खालचं दिसलं पाहिजे. वर खरं काय ते, आणि बाजूला सही. बावीस वर्षांत पट्टीवाल्याने न बघितलेला आकडा कधी लिहिला नव्हता. अंगात ताप असताना घोंगडं पांघरून उतरला, पण अंदाजपंचे कारभार केला नाही. याचा त्याला अभिमान होता. अभिमान वाटावा असं दुसरं फारसं काही त्याच्याकडे नव्हतं, हेही खरं.

मदतनिसाची जागा वर्षानुवर्षं रिकामी. भरू, भरू म्हणता म्हणता तीन साहेब निवृत्त झाले. तोवर वर उभं राहून आकडा परत म्हणायचं काम त्याची बायकोच करायची, तेही हातातली कामं न सोडता. कपडे वाळत घालता घालता ती आकडा म्हणायची आणि वर "नीट बघितलंत ना?" असं चिडवायची. ती आजारी पडली, शहरातल्या दवाखान्यात गेली आणि परत आली नाही. मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. त्यानंतरचे दोन महिने वहीत शेऱ्याच्या रकान्यात ओळीने तेच लिहिलेलं आहे, दिवसाला तीन वेळा: एकट्याने वाचन, एकट्याने वाचन, एकट्याने वाचन. मग एका सकाळी सवयीने तो खालून ओरडला, "एक बारा!" आणि वरून चिमणीएवढा आवाज आला, "एक बारा!" पायरीवर तो मटकन बसलाच. त्या दिवसापासून शेऱ्याचा रकाना पुन्हा कोरा राहू लागला. दुसरं माणूस कोण, हे कार्यालयाने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

ती ही ठिपकी. नाकाच्या शेंड्यावर तीळ, म्हणून ठिपकी. आता नऊ वर्षांची झाली होती आणि तीन वर्षं घरीच शिकत होती. शाळा काही सात समुद्रांपलीकडे नव्हती हो! पूल ओलांडला की वीस मिनिटांची वाट. पण शिक्षण खात्याच्या फॉर्मवर, 'मूल शाळेत न पाठवण्याचं कारण' याच्यापुढे पट्टीवाल्याच्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं: 'पहिल्या दिवशी मुलगी रडली. शाळेत बसत नाही.' त्यावर दर सहा महिन्यांनी एक तपासनीस बाई यायच्या, मुलीशी बोलायच्या, चहा घ्यायच्या आणि पुढच्या सहा महिन्यांची परवानगी देऊन जायच्या.

त्या आठवड्यात, सोमवारी, त्यांचं पत्र आलं. शनिवारी अकरा वाजता येते, आठवड्याची वही तयार ठेवा. ही वही म्हणजे खात्याचीच छापील. मुलाने स्वतःच्या हाताने भरायची. रोजचं एक पान आणि पानावर चार रकाने: पुस्तक, निसर्ग, सुट्टी, शेरा. मागच्या खेपेला बाईंनी पुस्तकाला 'उत्तम' दिलं, निसर्गाला 'अति उत्तम' दिलं आणि खाली लाल शाईने एक ओळ ठोकली: 'सुट्टीचा रकाना पूर्ण कोरा. मुलीला सुट्टी देत नाही काय? पुढील परवानगीच्या वेळी विचार होईल.' ती लाल ओळ पट्टीवाल्याने सहा महिन्यांत साठ वेळा तरी वाचली असेल. बाईंनी सही केली तर ठिपकी घरी, नाही केली तर ठिपकी शाळेत. आणि ठिपकी शाळेत, म्हणजे या दोन खोल्यांत, या पायऱ्यांवर, तो आणि नदी. पुढचा विचार तो करायचाच नाही.

"ठिपके, सुट्टी म्हणजे काय गं?" त्याने विचारलं.

"तुम्हाला नाही माहीत?"

"मला कुठून माहीत असणार? नदीला असते का सुट्टी?"

"शाळेतल्या मुलांना असते," ठिपकी म्हणाली. "पुलावरून ओरडत पळतात ना, तेव्हा असते."

तिला इतकं नेमकं माहीत आहे हे त्याला थोडं खटकलं. पण नियम म्हणजे नियम. "गुरुवारी तुला सुट्टी," त्याने जाहीर केलं. "त्या दिवशी तुला वाटेल ते करायचं."

"वाटेल ते?"

"वाटेल ते. पाण्याकडे जायचं नाही. आणि वहीत खरं खरं लिहायचं."

ठिपकी बोटं मोजायला लागली. सोमवारचं पान तिने भरलं ते असं: निसर्ग, समोरच्या काठात खंड्याची बिळं सात, पैकी वापरातली दोन. सुट्टी, तीन दिवसांनी.

मंगळवारी पुलाच्या टोकाला फिरत्या वाचनालयाची गाडी यायची. गाडीचा ड्रायव्हर हाच ग्रंथपाल, हाच शिपाई आणि बोलायला लागला की हाच रेडिओ. दर मंगळवारी चार पुस्तकं द्यायची, चार परत घ्यायची. ठिपकीचं सगळं शिक्षण या गाडीच्या लहरीवर चालायचं. गाडीत तारे आले की तारे, गाडीत बोटी आल्या की बोटी. या खेपेला मुलांच्या फळीवर धूळ सोडून काही नव्हतं.

"सगळी शाळेत गेली," ड्रायव्हर म्हणाला. "पलीकडच्या बाईंनी झाडून नेली. वर्गात वाचतात म्हणे, एकेक पान एकेकाने. हे घेऊन जा ठिपकूताई. कोंबडीपालन! चित्रं आहेत. आणि मरणाचं गणित आहे आत."

गणित खरंच होतं. पट्टीवाल्याने आठवड्याचा अपूर्णांक त्यातूनच शिकवला. एका पेटीत साठ अंडी, पैकी एक दशांश वांझ, उरलेल्यांतली दोन तृतीयांश पहिल्या दिवशी फुटली, तर पिल्लं किती? ठिपकीने छत्तीस म्हणून उत्तर काढलं आणि पुढचं पान स्वतःच वाचत बसली. थोड्या वेळाने तिने मान वर केली.

"बाबा, इथे लिहिलंय, एकच पिल्लू असेल तर पेटीत आरसा ठेवावा. नाहीतर ते दिवसभर ओरडतं आणि खात नाही."

"असेल. लिहिणाऱ्याने बघितलं असेल तर खरंच असणार."

"पण ते फसतं का? त्याला कळत नाही, ते आपणच आहोत म्हणून?"

"लहान असेपर्यंत फसत असेल," तो म्हणाला आणि घड्याळाकडे बघून उठला. सहा वाजत आले होते.

बुधवारी त्यांनी बगळा बघितला. म्हणजे बगळा रोजच दिसायचा, पण त्या दिवशी ठिपकीने घड्याळ लावून बघितला. पलीकडच्या उथळ पाण्यात तो एका पायावर बावन्न मिनिटं उभा होता. बापलेक बावन्न मिनिटं पायरीवर बसून होती, एक शब्द न बोलता. पट्टीवाल्याला विचाराल तर त्याच्यासाठी सुखाची व्याख्या याहून वेगळी नव्हती. मुलगी शेजारी, मध्ये उकडलेल्या बटाट्यांचा डबा आणि नदी जागच्या जागी. शेवटी बगळा उडाला.

"कुणी आलं नाही त्याच्याकडे," ठिपकी म्हणाली.

"बगळ्याचं तसंच असतं. त्याला लागत नाही कुणी."

"तुम्ही विचारलंत त्याला?"

तो हसला. पोरगी बोलायला लागली की आईवर जायची.

गुरुवार उजाडला. आठ वाजता त्याने खालून आकडा दिला, वरून तो परत आला आणि वर येऊन बघतो तो ठिपकी तयार. बूट पुसलेले, वेणी स्वतःच घातलेली, वाकडी, पिशवीत ब्रेड आणि अंडं. "येते बाबा," म्हणून निघालीसुद्धा. जाईल काठावरच्या मोठ्या झाडापाशी, त्याने मनात म्हटलं, आणि येईल दुपारपर्यंत. सुट्टी दिली म्हणून आपलंच आपल्याला त्याने शाबास म्हटलं. सकाळभर त्याने वहीच्या जुन्या पानांची बेरीज तपासली. घरात इतकी शांतता होती की पेन ठेवल्याचाही आवाज व्हायचा.

एक वाजता तो उतरला. "एक एकतीस!"

वरून काही नाही.

"ठिपके! एक एकतीस!"

तिसऱ्यांदा तो ओरडला तेव्हा त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. चार वर्षांत एकदाही, एकदासुद्धा, पोरीने आकडा चुकवला नव्हता. गोवर आला होता तेव्हा खिडकीतून म्हणाली होती. ज्याचा जन्म नदीवर गेला, त्याला नदी काय काय नेते हे दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही. त्याने स्वतःच्या हाताने बाहेर काढलेलं असतं. तो काठाने धावत सुटला. मोठं झाड, नाही. खंड्याच्या बिळांसमोरचा काठ, नाही. वळणावरच्या चिखलात त्याने लहान पावलं शोधली. पावलं दिसली नाहीत म्हणून हायसं वाटलं आणि दिसली नाहीत म्हणूनच पुन्हा पाचावर धारण बसली. अर्धा मैल खाली, अर्धा मैल वर. हाका मारून मारून घसा बसला. दोन वाजले, तीन वाजले. वहीत एक वाजताची ओळ तशीच राहिली. आकडा त्याने डोळ्यांनी बघितला होता, पण तो परत म्हणायला कुणी नव्हतं, म्हणजे पुढे ते दोन शब्द लिहावे लागणार. ते शब्द त्याने बायको गेली तेव्हा लिहिले होते. ते लिहायला हात धजावेना. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या वहीत एक ओळ रिकामी राहिली.

चार वाजून वीस मिनिटांनी ठिपकी पुलावरून उड्या मारत आली. झग्याला खडू लागला होता.

"कुठे होतीस?"

"सुट्टीवर."

"सुट्टीवर कुठे?"

"शाळेत."

आधी त्याचा जीव भांड्यात पडला. आणि मग, माणसाचं होतं तसं, डोकं फिरलं. "शाळेत जा म्हणून मी सांगितलं होतं? एकचा आकडा कुणी म्हणायचा? मी इथे नदी पालथी घालतोय आणि तू... शाळेत!"

ठिपकीच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं. "तुम्ही म्हणालात वाटेल ते," ती म्हणाली. "मला वाटलं, आकड्याचीपण सुट्टी."

तो आत गेला आणि बराच वेळ चहाचं भांडं घासत बसला. ते घासलेलंच होतं.

शुक्रवारी सकाळी ती कोंबड्यांच्या गणितात गढलेली असताना त्याने आठवड्याची वही उघडली. गुरुवारचं पान असं होतं:

'पुस्तक: नाही. सुट्टी होती.

निसर्ग: शाळेच्या मैदानात मोठं झाड एक. त्यावर कावळ्याचं घरटं एक, रिकामं.

सुट्टी: शाळेत गेले. बाईंनी विचारलं कुणाची तू, मी म्हटलं माझी आज सुट्टी आहे. त्या हसल्या आणि म्हणाल्या बस. दहा वाजता मुलं एकतीस. एक वाजता मुलं एकतीस, पैकी डब्यातलं दुसऱ्याला देणारी चौदा. मला तिघांनी दिलं. दोन वाजता मुलं बत्तीस (मला धरून). चार वाजता शून्य.

शेरा: एकटीने वाचन.'

त्याने पान दोनदा वाचलं. पोरीने त्याचा नियम पाळला होता. बघितलं तेवढंच लिहिलं होतं, ठरल्या वेळांना लिहिलं होतं आणि परत म्हणायला सोबत कुणी नव्हतं म्हणून शेरासुद्धा विसरली नव्हती. त्या शेऱ्यावर त्याची नजर अडकली ती सुटेना. हे बाईंनी वाचलं की संपलंच. कोणती तपासनीस हे वाचून परवानगी देईल?

दुपारी त्याच्या बहिणीचा फोन आला. दर शुक्रवारी यायचा. ठिपकीची आत्या म्हणजे बोलायला फटकळ आणि जीव लावायला तितकीच पुढे.

"उद्या बाई येणार ना? काय म्हणते माझी भाची? पोरीला चार पोरांत सोड रे दादा, किती दिवस पाण्याचे आकडे म्हणायला लावणार आहेस?"

"रडते ती शाळेत. पहिल्या दिवशी किती रडली होती, तुला माहितीये."

"मला काय माहीत? मी होते का तिथे? तू सांगितलंस, मी ऐकलं."

पट्टीवाल्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. "जेवलीस का?" त्याने विचारलं.

"विषय बदल," आत्या म्हणाली. "बदल हो, बदल. लहानपणापासून हेच."

संध्याकाळी सहाला तो पायऱ्या उतरला तेव्हा आठवड्याची वही त्याच्या काखेत होती. नदीकाठच्या माणसाची वही पाण्यात पडली, तर कोण शंका घेणार? खातं दुसरी वही देतं. दुसरी वही, दुसरा आठवडा, दुसरी सुट्टी. आणि ती सुट्टी त्याने नीट आखून दिली असती. शेवटच्या पायरीवर तो उभा राहिला. हात नुसता सैल सोडायचा होता, बस. पाणी पायाशी आलेलं, पट्टीवर एक एकोणतीस.

"बाबा, किती?" वरून हाक आली.

"एक एकोणतीस," तो म्हणाला.

"एक एकोणतीस!" ठिपकी वरून खणखणीत ओरडली. "नीट बघितलंत ना?"

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आईचं तिला काय आठवत होतं आणि काय नाही, देव जाणे. वही काखेत घट्ट धरून तो वर आला आणि त्याने ती टेबलावर ठेवली, जिथे होती तिथेच.

शनिवारी अकराला बाई आल्या. पुलाच्या पायऱ्या उतरताना गुडघे धरत, "तुमच्याकडे यायचं म्हणजे शिक्षाच आहे हो," म्हणत आल्या. चहा घेतला. छत्तीस पिल्लांचं गणित बघितलं आणि "कोंबड्या! हे बरं आहे," म्हणाल्या. बगळ्याची बावन्न मिनिटं वाचून त्यांनी ठिपकीकडे कौतुकाने बघितलं. मग गुरुवारचं पान आलं. बाई वाचत गेल्या, थांबल्या, चष्मा काढून पुसला आणि खो खो हसत सुटल्या.

"अहो, माझी नोकरी पंचवीस वर्षांची. सुट्टीत शाळेत जाणारं पोर मी पहिल्यांदा बघते आहे!"

पट्टीवालाही हसल्यासारखं करत होता. मग बाईंनी पान पुन्हा वाचलं. शेऱ्यापर्यंत आल्या. या वेळी त्या हसल्या नाहीत. फाईल उघडून त्यांनी जुना फॉर्म काढला आणि त्यावर बोट ठेवलं.

"हे काय लिहिलंय, पट्टीवाले? 'पहिल्या दिवशी मुलगी रडली. शाळेत बसत नाही.' ही तर दिवसभर बसून आली. काय गं, तेव्हा खूप रडली होतीस का?"

ठिपकीने बापाकडे बघितलं. त्याने खिडकीबाहेर बघितलं. बघितलेलं तेवढंच सांगायचं, हे पोरीला त्यानेच शिकवलं होतं. आता कुणाला बोल लावणार?

"मी नाही रडले," ठिपकी हळूच म्हणाली. "मी बाकावर बसले होते. बाबा दारात रडत होते. सगळी मुलं बघत होती. मग मी त्यांचा हात धरला आणि त्यांना घरी आणलं."

बाईंनी कपातला थंड चहा उगाच ढवळला. पट्टीवाल्याला तोंड लपवायला जागा हवी होती आणि दोन खोल्यांच्या घरात ती कुठून असणार? बावीस वर्षांत एकही खोटी नोंद नाही, असं तो चारचौघांत सांगायचा. एक होती. तीन वर्षं सरकारी फाईलीत होती, त्याच्याच सुवाच्य अक्षरात.

"तो कागद द्या जरा," तो म्हणाला.

त्याने खिशातलं पेन काढलं, पट्टी लावली आणि 'मुलगी रडली' या शब्दांवर एकच आडवी रेघ मारली. 'शाळेत बसत नाही' यावर दुसरी. खालचं सगळं स्वच्छ दिसत होतं. वर त्याने लिहिलं, 'वडील रडले.' बाजूला सही केली, तारीख घातली.

"फॉर्मवर अशी खाडाखोड चालत नाही हो," बाई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज ओला झाला होता.

"खाडाखोड नाही, बाई. दुरुस्ती आहे."

"मग आता परवानगीचं काय करू? देऊ का सहा महिन्यांची? मागितलीत तर देते. मुलीला शिकवलंय तुम्ही, मन लावून शिकवलंय. सुट्टीचा रकानाही भरलाय."

हे त्याला अपेक्षित नव्हतं. समोर आयतं ताट वाढून आलं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. पुढचे सहा महिने पायरीवर बटाट्यांचा डबा, बगळा, वरून येणारा आकडा. त्याने ठिपकीकडे बघितलं. ती टेबलाच्या कडेवरचा खडूचा डाग नखाने खरवडत होती आणि कुणाकडेच बघत नव्हती.

"नको," तो म्हणाला.

ठिपकीने झटकन मान वर केली. चेहरा उजळला आणि तितक्याच वेगाने काळजीत पडला. "पण मग एकचा आकडा कोण म्हणणार?"

"आठला आहेस, सहाला आहेस," तो म्हणाला. "एकचं मी बघतो."

सोमवारी तिने आठचा आकडा म्हटला आणि ती निघाली. तो पुलाच्या टोकापर्यंतच गेला. पुढे गेलो तर दारात उभा राहीन, हे त्याला माहीत होतं. ती पलीकडच्या वळणावर दिसेनाशी झाली, तेव्हा तिने मागे वळून हात केला की नाही हे त्याला दिसलं नाही, कारण डोळे भरले होते. घरी येऊन त्याने केर काढला. कोंबडीपालनाचं पुस्तक मंगळवारसाठी बाजूला ठेवलं. एकदा ठेवलं, दोनदा ठेवलं.

एक वाजता तो उतरला. पाणी निवळशंख होतं.

"एक चोवीस!" तो ओरडला.

ओरडायची काही गरज नव्हती. तरी तो नेहमीएवढाच वेळ थांबला. वर दोरीवर तिचा झगा वाळत होता. मग तो पुन्हा वाकला, पुन्हा बघितलं आणि वर आला. वहीत 'एक चोवीस' लिहिलं. शेऱ्याच्या रकान्याशी पेन थोडा वेळ अडलं. मग त्याने ते दोन शब्द लिहिले, चार वर्षांनी. अक्षर नेहमीसारखंच आलं.

सहाच्या आधी ठिपकी धावत आली. एकाच दमात तिने बत्तिसावा बाक, दोन मैत्रिणी आणि एक भांडण सांगून टाकलं. मग तिची नजर उघड्या वहीवर गेली. ती एकचा आकडा वाचत होती आणि पुढचा शेराही.

"एक चोवीस," ती मोठ्याने म्हणाली. थोडं थांबून तिने विचारलं, "आता मी परत म्हटला. शेरा खोडायचा का?"

"नाही," पट्टीवाला म्हणाला. "एकट्यानेच वाचला होता." आणि सहाचा आकडा बघायला तो पायऱ्या उतरू लागला.